लाइट लागली म्हणजे गाडी रिझर्व्हला लागली असं नव्हे

पेट्रोल संपत आलं की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "गाडी रिझर्व्हला लागली." वीस वर्षांपूर्वीची स्प्लेंडर चालवणाराही हेच म्हणतो आणि काल शोरूममधून गाडी काढलेला पोरगाही हेच म्हणतो. पहिल्याचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या गाडीला रिझर्व्ह नावाची वस्तूच नाही. त्याच्या मीटरवर पिवळी लाइट लागली आहे, आणि या दोन गोष्टींमधला फरक घाटात चांगलाच महागात पडतो.

आधी रिझर्व्ह. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या गाडीत डाव्या मांडीखाली, टाकीच्या तळाशी जो कॉक (पेट्रोलची तोटी) असतो, त्याला तीन खुणा: चालू, बंद, रिझर्व्ह. पुष्कळांची समजूत असते की टाकीत कुठेतरी वेगळा कप्पा आहे. तसं काही नाही. टाकी एकच, पेट्रोल एकच. कॉकच्या वरच्या टोकाला टाकीच्या आत एक उभी नळी असते आणि तिच्या बुडाशी दुसरं भोक. कॉक 'चालू'वर असला की पेट्रोल उभ्या नळीच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो, मग खाली दीड-दोन लिटर शिल्लक का असेना. कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवला की बुडाचं भोक उघडतं आणि तळाचं पेट्रोल मिळू लागतं.

म्हणजे रिझर्व्ह हा राखून ठेवलेला खरा साठा आहे. तो किती, हे नळीच्या उंचीवर ठरतं. नळी झिजत नाही, तिचा सेन्सर बिघडत नाही, तिला बॅटरी लागत नाही. सूचना देण्याची तिची पद्धत मात्र रांगडी: इंजिन आचके देऊ लागतं. हायवेवर शेंद्रे फाट्याजवळ मागून ट्रक येत असताना हे घडलं तर पोटात गोळा येतो, पण हात सवयीने कॉकवर जायला हवा. थ्रॉटल थोडी कमी करा, गाडी गिअरमध्येच राहू द्या, कॉक फिरवा. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरायला काही सेकंद लागतात, मग इंजिन पुन्हा पकडतं. बंद पडलीच तर बाजूला घेऊन थोडं थांबून किक मारा. लगेच दहा किका मारून दमू नका, वाटी रिकामी असताना त्यांचा उपयोग नाही.

या पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक यंत्राची नाही, माणसाची आहे. पेट्रोल भरलं, गप्पा मारत निघालो आणि कॉक 'रिझर्व्ह'वरच राहिला. पुढच्या वेळी आचका येतो तेव्हा तळाचा थेंबही संपलेला असतो. नोझल टाकीतून निघालं की झाकण लावायच्या आधी कॉक फिरवायचा, हा क्रम हाताला लागला पाहिजे. काही जण 'विसरायला नको' म्हणून गाडी कायम रिझर्व्हवरच चालवतात. मग कॉक असून नसल्यासारखा.

उलट टोकाचे लोकही आहेत: वर्षानुवर्षं रिझर्व्हला येऊच देत नाहीत. त्यांच्या टाकीच्या तळाशी गंज, गाळ आणि पाणी साचतं, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा कॉक फिरतो त्या दिवशी सगळं जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतं. पाणी येतं कुठून? पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा झाकणाभोवतीच्या खोबणीतून. त्या खोबणीतलं पाणी बाहेर नेणारी बारीक वाट चिखलाने बुजली की पाणी साचून आत झिरपतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, यातलं काही आपल्याच ऊस कारखान्यांच्या मळीपासून झालेलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके रिझर्व्हच्या भोकापाशी.

आता लाइट.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा नियम लागू झाला आणि बहुतेक मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल आपोआप खाली वाहत नाही. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला छोटा विजेचा पंप ते साधारण ३ बार दाबाने इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीकडे ढकलतो. पंपाचं तोंड तळाजवळ असतं, म्हणजे ही गाडी पहिल्या दिवसापासून जणू रिझर्व्हवरच चालते. राखीव असं काही ठेवलेलं नाही. फिरवायला कॉक नाही.

मग लाइट कशावरून लागते? टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला विजेचा रोध कमी-जास्त करणारी पट्टी. फ्लोट ठरावीक पातळीच्या खाली आला की मीटर लाइट लावतं. हे मोजमाप नव्हे, अंदाज आहे. टाकी सरळ नळकांड्यासारखी नसते, फ्रेमवर घोड्याच्या खोगिरासारखी बसलेली असते, त्यामुळे एक सेंटिमीटर पातळी उतरणं म्हणजे वर वेगळं पेट्रोल आणि खाली वेगळं. वळणावर, खड्ड्यात पेट्रोल हिंदकळतं म्हणून मीटर काही वेळाची सरासरी घेऊन दाखवतं. म्हणूनच आधी लाइट लागते, विझते, पुन्हा लागते. ती सपाट रस्त्यावर पाचेक मिनिटं सलग लागून राहिली की तिला खरी मानायची. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, तेव्हाचा काटा बघूच नका.

घाटाचा मुद्दा दोन्ही प्रकारांना लागू आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. पेट्रोल कमी असताना चढावर ते टाकीच्या मागच्या भागात जमतं, उतारावर पुढे पळतं. कॉक सहसा मागच्या बाजूला असतो. त्यामुळे साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना बिनतक्रार चाललेली गाडी परत उतरताना आचके देऊ शकते. खोगिरासारख्या आकारामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक गोष्ट होते: कॉक डावीकडे, आणि उजव्या कुशीतलं पेट्रोल मधला उंचवटा ओलांडू शकत नाही. गाडी डावीकडे चांगली कलंडवून पुन्हा उभी केली की ते या बाजूला येतं आणि गाडी दोन-चार किलोमीटर जाते. गावाकडे हे सगळ्यांना येतं, कारण मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

लाइट लागल्यावरही तासन्‌तास गाडी पळवायची सवय इंजेक्शनच्या गाडीला वाईट. आतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो आणि त्याला वंगणही त्याचंच. पातळी उतरली की तो तापतो, मधेच हवा ओढतो. चावी फिरवल्यावरची नेहमीची बारीक 'झूंऽऽ' कर्कश झाली तर समजावं. कार्ब्युरेटरची गाडी कोरडी पडली तर फार तर वाटी रिकामी होते. इथे महागडा पार्ट पणाला लागतो.

जुन्या-नव्याच्या मधल्या काही गाड्यांवर दोन्ही होतं. पल्सर १५० च्या कार्ब्युरेटर मॉडेलांना कॉकही होता आणि डिजिटल मीटरवर पेट्रोलच्या पट्ट्याही. तिथे शेवटची पट्टी लुकलुकणं आणि आचका येणं एकाच क्षणी घडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. एक फ्लोट सांगतो, दुसरं नळी सांगते. ऐकायचं नळीचं.

नव्या मीटरवर 'अजून इतके किलोमीटर जाईल' असा आकडा येतो, त्याबद्दल थोडक्यात: तो फ्लोटच्या अंदाजाला अलीकडच्या ॲव्हरेजने गुणून काढलेला असतो. कराडहून साताऱ्यापर्यंत हायवेला ५०-५५ च्या वेगाने आलात की तो फुगलेला असतो, आणि घाट लागला की झपाट्याने उतरतो. त्यापेक्षा रॉयल एनफिल्डच्या काही मॉडेलांवरचं 'ट्रिप एफ' जास्त प्रामाणिक आहे. लाइट लागल्यापासून किती किलोमीटर झाले तेवढंच ते सांगतं, भविष्य सांगत नाही.

आपल्या गाडीचा आकडा आपणच काढलेला बरा. मेन स्टँडवर टाकी फुल्ल करा, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथवर. गळ्यापर्यंत ठासायचं नाही, उन्हात पेट्रोल फुगतं आणि बीएस-६ गाडीत ते वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरतं. ट्रिप मीटर शून्य करा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर रिझर्व्हला लागेपर्यंत चालवा, इंजेक्शनची असेल तर लाइट सलग लागून राहीपर्यंत. मग तडक त्याच पंपावर, त्याच स्टँडवर पुन्हा फुल्ल. झालेले किलोमीटर भागिले आत्ता बसलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. टाकीची क्षमता वजा आत्ता बसलेले लिटर, ही तुमची शिल्लक. दोन-तीनदा करा, एकदाचा आकडा फसवतो. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकत राहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. सध्याच्या भावात शंभर रुपयांत लिटरही होत नाही आणि काटा हललाय की गाडी हललीय तेच समजत नाही.

एक उदाहरण सोडवू. स्प्लेंडर प्लस, बीएस-६, टाकी ९.८ लिटर. समजा लाइट स्थिर झाल्यावर ८.२ लिटर बसलं. शिल्लक १.६. त्यातलं पंपाला न ओढता येणारं आणि पंपाच्या तब्येतीसाठी ठेवायचं मिळून ०.४ लिटर बाजूला काढा. हातात १.२. सपाटीला डबलसीट ६० चं ॲव्हरेज धरलं तर ७२ किलोमीटर. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली पस्तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन ७० च्या घरात. कागदावर जेमतेम बसतं.

पण सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर, कासचं पठार १,२०० च्या आसपास, आणि बामणोली कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, पुन्हा ६६० च्या जवळ. म्हणजे जाताना साडेचारशे मीटर चढ आणि येताना साडेपाचशे. गाडी ११२ किलो, दोन माणसं १४० किलो. एवढं वजन हजार मीटर उचलायला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटींच्या आसपास ज्यूल असतात, पण चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोचतो. हिशेब केला तर नुसत्या चढाचं जादा पेट्रोल ३०० ते ३५० मिली. उतारावर त्यातलं थोडंच वसूल होतं. १.२ लिटरवाली गाडी बामणोलीला आरामात पोचेल, बोटिंग होईल, जेवण होईल, आणि परतीच्या चढावर नाहीतर कासच्या पठारावर ती थांबेल. यवतेश्वर चढलात की वाटेतल्या पंपाचा भरवसा धरायचा नाही, साताऱ्यातच भरायचं. इथेनॉलचाही थोडा वाटा धरा: नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी २० टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे.

हाच हिशेब मिरज-सांगली रोजच्या ये-जा करणाऱ्याला लागत नाही. तिथे चढ नाही, पंप पावलोपावली आहेत, आणि लाइट लागल्यावर घरी जाऊन सकाळी भरलं तरी चालतं.

तरीही गाडी कोरडी पडलीच, तर पुढची वागणूक दोन्हीकडे वेगळी. कार्ब्युरेटरला अर्धा लिटर पुरतं: ओता, कॉक रिझर्व्हवर, अर्धा मिनिट थांबा, चोक देऊन किक. इंजेक्शनला निदान लिटरभर हवं, कारण पंपाचं तोंड बुडलं पाहिजे. ओतल्यावर लगेच स्टार्टर दाबू नका. चावी चालू करा, पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज थांबू द्या, चावी बंद करा. असं तीन-चार वेळा केल्यावर नळीतली हवा निघून दाब तयार होतो, मग स्टार्ट. नाहीतर बॅटरी उतरते आणि मग 'गाडीला करंट नाही' म्हणून भलतंच उघडलं जातं.

आणि ओतायच्या आधी टाकीचं झाकण उघडून एकदा आत बघा, गाडी जरा हलवून आवाज ऐका. झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत गेली आणि आत पेट्रोल डुचमळत असेल, तर पेट्रोल संपलेलंच नाही. झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. झाकण सैल ठेवून हळू मेकॅनिकपर्यंत जा आणि भोक साफ करून घ्या.