ड्रम कोअरमधले नियमांचे वाद: मत नक्की कुणाला आहे?

ड्रम कोअर म्हणजे मैदानावर कवायत करत पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणारी तरुण पोरांची पथकं. नवीन नियम आला की ड्रम कोअरवाल्यांमध्ये दोन तट पडतात, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. जुने म्हणतात वाट लावली, नवे म्हणतात किती दिवस तेच वाजवणार, आणि दोन-तीन सीझन गेले की तोच नियम जणू पहिल्यापासून होता असं सगळे वागायला लागतात. या भांडणात वाद्यांवर पानंच्या पानं लिहून झालीत, पण नियम करतं कोण आणि त्याला तो हक्क दिला कुणी यावर फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे, म्हणून ही पार्श्वभूमी. यात 2000 नंतरचा भाग जास्त येईल, कारण खरा गुंता त्यानंतरचाच.

तरी सुरुवात 1971 पासून करावी लागते. तोपर्यंत अमेरिकेत ज्युनियर कोअरच्या राष्ट्रीय स्पर्धा माजी सैनिकांच्या संघटना भरवायच्या, त्यामुळे नियमही त्यांचेच, इन्स्पेक्शन, झेंड्याचा मान वगैरे सगळं लष्करी थाटाचं. कोअर चालवणाऱ्या डायरेक्टर लोकांची तक्रार दुहेरी होती. एक तर नियम ठरवताना आम्हाला कुणी विचारत नाही, आणि दुसरं म्हणजे पोरांना बसमध्ये घालून अर्धा देश ओलांडून यायचं, तिकिटं आमच्या नावावर खपणार आणि आमच्या हातात खर्चापुरतेही पैसे पडत नाहीत. 1971 मध्ये शिकागो, विस्कॉन्सिन, वायोमिंग आणि कॅलिफोर्निया इथले पाच तगडे कोअर एकत्र आले आणि आयोजकांना सांगितलं की आम्ही येणार तर पाचही येणार आणि आमचं मानधन आम्ही ठरवणार. पूर्वेकडच्या कोअरनीही तसाच एक गट केला. या दोन्हीतून 13 संस्थापक कोअरची 'ड्रम कोअर्स इंटरनॅशनल' ही नवीन संस्था उभी राहिली आणि 1972 च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली चॅम्पियनशिप झाली, जिंकला तो अनाहाइमचा कोअर. तेव्हापासून तत्त्व एकच, नियम तेच ठरवणार जे मैदानात उतरतात.

हे 'पाच तगडे कोअर' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पुढची पंचवीसेक वर्षं झपकन सांगतो. ब्युगलला (कोअरचं पितळी वाद्य) 1977 मध्ये दुसरा व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलायची कळ, 1990 मध्ये तिसरा, दोन्ही वेळा बोंबाबोंब झाली आणि विरली. ऐंशीच्या सुरुवातीला जड पर्कशन (ठोकून वाजवायची वाद्यं) मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली आणि आज आपण ज्याला पिट म्हणतो ते जन्माला आलं. पण या सगळ्यात मोठा बदल 1984 चा, टिक सिस्टीम गेली तो. त्याआधी जज हातात क्लिपबोर्ड घेऊन रांगांच्या अगदी जवळून फिरायचे, एखाद्याचा स्ट्रोक इतरांबरोबर पडला नाही की कागदावर टिक, एका टिकला दशांश गुण कट. सगळी शिस्त त्या दशांशाच्या भीतीवर चालायची. टिक गेली आणि गुण वजा करायच्या ऐवजी कमवायचे झाले, म्हणजे पोरं किती स्वच्छ वाजवतात याच्याबरोबर शो डिझाइन करणाऱ्याने काय विचार केलाय यालाही गुण. आज शंभरातले चाळीस गुण जनरल इफेक्टला, म्हणजे शोच्या एकूण परिणामाला, आहेत, त्याचं बीज इथलं. आणि माझ्या मते सत्ता सरकली तीही इथेच, वाजवणाऱ्याकडून डिझायनरकडे, आणि डिझायनर कोण असावा हे ठरवणाऱ्या डायरेक्टरकडे.

मग 2000. त्या सीझनपासून 'जी' (G) स्वराच्या ब्युगलची सक्ती गेली, कुठल्याही स्वराचं, समोर तोंड असलेलं पितळी वाद्य चालेल असं ठरलं. यात लोक आवाजाबद्दल भांडले, 'जी'चा तो खरखरीत, अंगावर येणारा आवाज गेला म्हणून, आणि ते दुःख खोटं नव्हतं. पण बैठकीत जे चाललं ते पैशाचं होतं. 'जी' स्वराचं ब्युगल ड्रम कोअर सोडून जगात फारसं कुणी वाजवत नाही, म्हणजे सेट घेतला की तो अडकला. बी फ्लॅटची वाद्यं मात्र दोन सीझन वापरून शाळांच्या बँडला विकता येतात, आणि वाद्यकंपन्यांनाही त्यात रस, कारण शाळा हेच त्यांचं खरं गिऱ्हाईक. निर्णय वाईट होता असं मी म्हणत नाही, पण ज्या मोठ्या कोअरना कंपन्यांचा पाठिंबा सहज मिळणार होता त्यांना तो जास्त सोयीचा होता, हेही तितकंच खरं.

2004 चं ॲम्प्लिफिकेशन, म्हणजे माइक-स्पीकरची परवानगी, त्याच माळेतलं. हा प्रस्ताव आधी बऱ्याचदा आला आणि पडला, आणि तो पुढे रेटण्यात सगळ्यात आघाडीवर होता न्यू जर्सीत जन्मलेल्या जुन्या कोअरचा डायरेक्टर. शेवटी पास झाला. पिटवाल्यांना त्याचा खरंच फायदा झाला, हे जवळून बघितलं की कळतं. त्याआधी स्टेडियमच्या वरच्या रांगेपर्यंत मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य) पोहोचवायचा तर कडक मॅलेट, म्हणजे वाजवायच्या काठ्या, घेऊन पट्ट्या अक्षरशः बडवावे लागायचे, मनगट आणि टोन दोन्हीची वाट. मरिंबाखाली माइक आले आणि मऊ मॅलेटने, हलक्या हाताने, वाद्य जसं वाजायला हवं तसं वाजवता यायला लागलं. पण त्याच नियमातून माणसाचा आवाजही आत आला, निवेदन, गाणं, आणि 2006-07 च्या सुमारास त्याच न्यू जर्सीत जन्मलेल्या कोअरच्या निवेदनाने भरलेल्या शोवरून जो धुरळा उडाला तो जुन्यांना आठवत असेलच. 2009 पासून सिंथेसायझर, 2014 पासून ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न सगळंच खुलं. प्रत्येक पायरीवर खर्च वाढला, स्पीकर, मिक्सर, केबल, त्यांच्यासाठी ट्रकमध्ये जागा, ते सांभाळणारी माणसं. मोठ्या कोअरला हे झेपतं, लहान कोअर मतदानात हरतो आणि पुढच्या मोसमात उधारीवर स्पीकर घेतो.

आता 2010, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात सात आघाडीच्या कोअरनी बाकीच्या डायरेक्टरांसमोर एक प्रेझेंटेशन ठेवलं आणि ते काही दिवसांत बाहेर फुटलं. मागणी साधारण अशी की लोक तिकीट काढतात ते आमच्यासाठी, तर उत्पन्नाचा मोठा वाटा आम्हाला हवा, काही शो फक्त आमचे सात जणांचे हवेत, आणि संस्थेचा कारभारही आमच्या हातात यायला हवा. बाकीच्यांनी काय करायचं तर आपापल्या भागात लहान टूर करायचा. लोक खवळले, आणि बरोबरच होतं. कारण खालच्या क्रमांकाचा कोअर हा नुसता भरतीचा नसतो, आज टॉप कोअरमध्ये मिरवणारी कितीतरी पोरं दोन वर्षं आधी अशाच कुठल्यातरी लहान कोअरमध्ये शिकलेली असतात.

पण त्या सात जणांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नव्हता. ते म्हणत होते की आम्ही 1971 मध्ये जे झालं तेच करतोय. आणि ते खरंच आहे. तेव्हाही पाच तगड्या कोअरनी आमच्याशिवाय तुमचा शो चालणार नाही म्हणूनच हात पिरगाळला होता. त्या पाचातले दोन, शिकागो भागातला आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराचा, 2010 च्या सातातही होते. उरलेले तीन, विस्कॉन्सिनचे दोन आणि वायोमिंगचा, बाहेर. म्हणजे ज्यांनी संस्था उभी केली त्यातलेच तिघे आता 'बाकीचे' झाले होते, त्यातल्या दोघांनी तर मधल्या काळात खूप वाईट दिवस काढून नुकतीच उभारी धरलेली. फरक मला एकच पण फार मोठा वाटतो. 1971 ला बंड झालं ते बाहेरच्या, न वाजवणाऱ्या संघटनांविरुद्ध, आणि त्यातून निघालेलं दार इतरांनाही उघडं राहिलं, म्हणून तर पाचाचे तेरा झाले. 2010 ला बंड होतं आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध, आणि दार सातावरच बंद होणार होतं.

शेवटी तडजोड झाली. 2011 पासून त्या सात जणांना मध्यवर्ती ठेवून वेगळ्या नावाचे काही खास शो सुरू झाले, फूट टळली, संस्था एकसंध राहिली. काही वर्षांनी ते नावही मागे पडलं. म्हणून आज बरेच जण म्हणतात की प्रकरण मिटलं. मला तसं वाटत नाही. मताची विभागणी कशी असावी हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला होता आणि त्यावर जी चर्चा झाली ती फक्त कोअर विरुद्ध कोअर अशीच झाली, मोठ्याला जास्त की सगळ्यांना सारखं. जी पोरं वाजवतात त्यांचं नाव दोन्ही बाजूंनी कुणी काढलं नाही. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात सभासद शेतकऱ्याला मत असतं आणि ऊस तोडणाऱ्याला नसतं, तसंच हे. बावीसच्या आतली पोरं आज टूरसाठी पाच हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त फी स्वतः भरतात, रात्री बसमध्ये झोपतात, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर अंथरूण टाकतात, दिवसभर उन्हात तालीम करतात. कुठल्याही नियमावर त्यांचं मत नाही. प्रस्ताव डायरेक्टर आणि स्टाफकडून येतात, त्यावर आधी इन्स्ट्रक्टर लोक कौल देतात, मग डायरेक्टर मतदान करतात, आणि वाजवणाऱ्यांना वसंतात कॅम्पमध्ये कळतं की यंदा काय बदललंय.

हे किती महागात पडू शकतं ते 2018 मध्ये दिसलं. त्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात नऊ महिलांनी त्याच न्यू जर्सीत जन्मलेल्या कोअरच्या डायरेक्टरवर लैंगिक गैरवर्तनाचे आणि अत्याचाराचे आरोप केले, काही आरोप तर 1980 च्या काळातले. त्याने राजीनामा दिला, बोर्डही बदललं. हाच माणूस ॲम्प्लिफिकेशनचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणत होता, 2010 च्या सातांतही पुढे होता, तीन दशकांहून जास्त काळ एकाच खुर्चीत होता. नियमांचे वाद आणि नेतृत्वाचे वाद हे वेगळे विषय आहेत असं जे म्हणतात त्यांना मी हेच दाखवतो. ज्याच्या हातात शो, पैसा, नोकऱ्या आणि मतदान सगळं एकवटलंय त्याच्याविरुद्ध एकोणीस वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं? तक्रार नोंदवायची धड सोय, पार्श्वभूमी तपासणी, सुरक्षेचे लेखी निकष, हे सगळं गंभीरपणे सुरू झालं ते या बातमीनंतर. वाद्यांच्या स्वरावर मात्र त्याच्या जवळपास दोन दशकं आधी मतदान होऊन गेलं होतं.

त्यानंतरचं ताजंच आहे. 2020 चा सीझन कोविडमुळे झालाच नाही, 2021 ला शो झाले पण गुण नव्हते, त्याच सुमारास संस्थेचं वरचं नेतृत्वही पंचवीसेक वर्षांनी बदललं. सांता क्लाराच्या कोअरने पैशाच्या ओढाताणीमुळे 2023 चा टूर सोडला आणि 2024 ला परत आला. न्यू जर्सीत 1934 मध्ये सुरू झालेला तो कोअर, दहा वेळा चॅम्पियन, 1983 ते 85 सलग तीनदा जिंकणारा, 2024 च्या जानेवारीत आर्थिक आणि कायदेशीर ओझ्याखाली बंद झाला. तिथे वाजवून गेलेल्या हजारो लोकांना त्या निर्णयातही मत नव्हतं.

आता पुढच्या नियमावर भांडण होईल तेव्हा तो कुठल्या वाद्याबद्दल आहे याच्याआधी बोर्डावर वाजवणाऱ्यांच्या दोन जागा का नसाव्यात हे विचारायला हवं, चालू सदस्यांमधून एक आणि नुकतीच वयोमर्यादा ओलांडलेल्यांमधून एक, दोघांनाही पूर्ण मताचा हक्क. 1972 चं तत्त्व जर मैदानात उतरणाऱ्यांनी नियम ठरवायचे हेच असेल तर मैदानात उतरतात ती पोरं, डायरेक्टर नाही.