गूळ की उसाचा रस? ब्राउझरमधलं आकाश दोन तऱ्हांचं

माझी भाची इथं शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्रात एमएस्सी करते. मध्यंतरी एका रविवारी लॅपटॉप उघडूनच घरात शिरली. "मामा, हे बघा की. या रेडिओ दीर्घिकेचे दोन्ही लोब सारखेच तेजस्वी येतायत. तीनदा करून बघितलो." लोब म्हणजे अशा दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले, रेडिओ लहरी सोडणारे फुगवटे. तिनं पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाचं चित्र अलादीन लाइट या ब्राउझरमधल्या आकाशनकाशात उघडलं होतं, स्क्रीनशॉट घेतला होता आणि त्यातल्या पिक्सेलांचे आकडे वाचले होते. दोन्हीकडं २५५. अगदी बरोब्बर सारखे.

तिचं म्हणणं होतं, लॅबमध्ये सर कार्टा हे खगोलचित्रं बघायचं साधन उघडतात तेही असंच दिसतं, मग यात चूक काय? दिसतं असंच, हे खरं. ही दोन्ही साधनं ब्राउझरमध्ये चालतात. मूळ फाइल दूर कुठंतरी पडलेली असते, आपण झूम करू तसे चौकोनी तुकडे येऊन बसतात आणि डाउनलोड काहीच करावं लागत नाही. पण एकात गूळ मिळतो, दुसऱ्यात रस.

अलादीन लाइट ज्यावर चालतं ती पद्धत हिप्स. ती फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या खगोल विदा केंद्रात जन्मली आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. गोल आकाशाचे १२ सारख्या क्षेत्रफळाचे भाग करायचे, प्रत्येकाचे ४, त्यांचे पुन्हा ४. तिसऱ्या पायरीला ७६८ तुकडे होतात, नवव्या पायरीला ३१ लाखांवर. प्रत्येक तुकडा बहुधा ५१२ × ५१२ पिक्सेलांचा. हे सगळं एकदाच उकळून, साच्यात ओतून फोल्डरांत रचून ठेवलेलं असतं. तुम्ही मागाल ती ढेप सर्व्हर फक्त उचलून देतो, डोकं चालवत नाही. म्हणून एकाच वेळी हजार जण आले तरी त्याला घाम फुटत नाही.

पण गूळ झाला की रस परत निघत नाही. मूळ फिट्स फाइलमध्ये, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ चित्रं ज्या साच्यात साठवतात त्या फाइलमध्ये, प्रत्येक पिक्सेलला दशांशातला खरा आकडा असतो. जेपीईजीचा तुकडा करताना तो ० ते २५५ मध्ये कोंबतात, आणि एका मर्यादेच्या वरचं सगळं सरसकट पांढरं. एक लोब दुसऱ्याच्या कितीही पट तेजस्वी असो, दोन्ही त्या मर्यादेवर गेले की दोन्ही २५५. स्लायडर हलवून काही होत नाही, कारण कापाकापी तुकडा बनवतानाच झालेली असते. हिप्समध्ये फिट्सचे तुकडेही ठेवता येतात, त्यात आकडे शाबूत राहतात. तरी ते नव्या जाळीवर बसवताना पुन्हा काढलेले असतात. काकवी म्हणा हवं तर.

कार्टाची तऱ्हा रसवंतीची. हे साधन तैवान, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि कॅनडातल्या संस्थांनी मिळून बनवलं, मुख्यतः रेडिओ दुर्बिणींच्या क्यूबसाठी. क्यूब म्हणजे एकाच जागेची वेगवेगळ्या वारंवारितांची चित्रं, एकावर एक रचलेली. ४०९६ × ४०९६ पिक्सेलांचे हजार थर, दर पिक्सेलला ४ बाइट, असा हिशोब केला तर ६७ जीबी होतात. घरच्या ५० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोडला तीन तास लागतील, तेही मध्येच लाइट गेली नाही तर. आणि एवढं उतरवून स्क्रीनवर दिसणार किती? एका थरात १.६८ कोटी पिक्सेल, साध्या स्क्रीनवर जागा २० लाखांची.

म्हणून कार्टाचा सर्व्हर मूळ फाइल तिथंच उघडतो. तुम्ही बघताय तेवढाच भाग, तुमच्या झूमला पुरेल इतक्याच बारकाव्यानं, त्याच क्षणी काढून, दाबून पाठवतो. येतात ते आकडे, रंगवलेलं चित्र नव्हे. रंग तुमच्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड भरतं, त्यामुळं तेजाची मर्यादा हवी तशी सरकवता येते. या पद्धतीला 'सर्व्हरवरचं चित्रण' म्हणतात, ते नाव म्हणूनच मला थोडं फसवं वाटतं. खरी गंमत मोजमापात आहे. एखाद्या भागाची बेरीज किंवा सरासरी मागितली तर सर्व्हर ती मूळ आकड्यांवर करतो आणि फक्त उत्तर धाडतो. ६७ जीबीला चार ओळींचं उत्तर.

एका बिंदूचा सगळ्या थरांतला वर्णपट काढणं मात्र त्यालाही जड जातं, कारण फाइलमध्ये हजार ठिकाणी उड्या माराव्या लागतात. त्यावर तोडगा म्हणून क्यूब एचडीएफ-५ या दुसऱ्या फाइल-प्रकारात बदलून, आत त्याचीच आडवी फिरवलेली प्रत ठेवतात. रसवंतीवालासुद्धा ऊस आधी सोलून ठेवतोच की!

याची किंमत सर्व्हरवाल्याला मोजावी लागते. प्रत्येक वापरणाऱ्यामागं एक चरक फिरता ठेवायचा, मेमरी द्यायची, डिस्क जलद हवी. अख्खं आकाश सगळ्या जगाला दाखवायला हे परवडणार नाही. तिथं गूळच बरा. दीर्घिका शोधायची, रेडिओचं चित्र दृश्य प्रकाशातल्या चित्रावर ठेवून बघायचं, शेजारीपाजारी कोण आहे ते हेरायचं, तर मी आजही आधी अलादीनच उघडतो.

भाचीच्या कामाला खरं तर दोन्हींची गरज नव्हती. तिला हवं होतं ते एक छोटं द्विमितीय चित्र. त्याची फिट्स फाइल चहा होईस्तोवर उतरली. डीएस९ या फिट्स बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिनं दोन्ही लोबांभोवती गोल काढले. या वेळी आकडे सारखे नव्हते.

"मग मी तीन दिवस काय मोजत बसलो?"

"पांढरा रंग," मी म्हटलं. तिनं वही काढली आणि जुना तक्ता खोडला.