काळा कोट आणि पक्षाचा बिल्ला: नाशिकच्या वकील-राजकारण्यांची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये सीबीएससमोर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोर, जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय शेजारीशेजारी आहेत. सकाळी तारखा करायच्या आणि दुपारी पक्षाच्या कामाला लागायचं, हा इथल्या अनेक वकिलांचा रिवाज आहे. भाषण चांगलं करतो म्हणून वकील राजकारणात टिकतो, असा सर्रास समज असतो. पण भाषण करणारे पक्षात ढीगभर असतात. वकिलाची खरी गरज पडते ती मुदत, नमुना आणि सही सांभाळायला, आणि त्याची कारकीर्द उभी राहते तीही त्यावरच.

जुना काळ वेगळा होता. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नेतृत्व बॅरिस्टर आंबेडकरांचं होतं. जागेवरची बांधणी मात्र दादासाहेब गायकवाडांची, आणि ते वकील नव्हते. १९५७ मध्ये तेच नाशिकमधून लोकसभेवर गेले. यशवंतराव चव्हाणांनी उमेदीच्या काळात कराडला वकिली केली होती. संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. त्या पिढीत वकिलीची सनद म्हणजे प्रतिष्ठा आणि स्वतंत्र मिळकत; रोजच्या राजकारणात कायद्याचं काम क्वचितच निघे.

ते वाढलं सहकारातून. सोसायटी, साखर कारखाना, जिल्हा बँक अशा प्रत्येक ठिकाणी निवडणूक आली आणि निवडणुकीमागे वाद आला. सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्याच्या कलम ९१ खाली निवडणुकीचा वाद सहकार न्यायालयात जातो आणि तो निकालापासून दोन महिन्यांत दाखल करावा लागतो. तालुक्याच्या पुढाऱ्याला वकील कायमचा जोडला गेला तो इथे. पुढे १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली, पहिली निवडणूक १९९२ ला झाली, आणि शहरातल्या वकिलांना स्वतः उभं राहायला मैदान मिळालं. ॲड. उत्तमराव ढिकले १९९९ मध्ये शिवसेनेचे खासदार आणि २००९ मध्ये मनसेचे आमदार झाले. त्यांचे पुत्र ॲड. राहुल ढिकले २०१९ आणि २०२४ मध्ये भाजपकडून नाशिक पूर्वमधून निवडून आले. एका घरात तीन पक्ष झाले, पण नावामागचं ‘ॲड.’ कायम राहिलं.

पक्षातल्या वकिलाची परीक्षा होते अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी. विधानसभेचा अर्ज नमुना २ ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत. अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून सही करणारा, पुरतो, इतरांना दहा लागतात, आणि प्रत्येक सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारे पक्षाचे ए आणि बी फॉर्म तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत, तेही शाईच्या सहीचे. सहीचा शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही. मूळ अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून पक्ष पर्यायी उमेदवार देतो. त्याचा अर्ज एकाच सूचकावर भरला आणि मूळ उमेदवाराचा मंजूर झाला, तर पर्यायी अर्ज बाद होतो. दहा सूचक घेतले असतील तर तोच माणूस अपक्ष म्हणून उभा राहू शकतो. जाणता वकील पक्षाला हा धोका आधीच सांगतो. उमेदवाराचं मत दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत लागते. ती छाननीपर्यंत हाती नसेल तर अर्ज जातो, आणि घाईत नेमकी तीच राहते.

२००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचं शपथपत्र आलं, तो नमुना २६. त्यात रकाना कोरा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. अधिकाऱ्याने आठवण देऊनही रकाना कोराच राहिला तर अर्ज फेटाळता येतो, हे २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं. ठेकेदार उमेदवारांची वेगळी अडचण असते. सरकारशी चालू कंत्राट असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ लागतं आणि उमेदवार अपात्र ठरतो. पण काम पूर्ण झालं आहे आणि फक्त बिल थकलं आहे, तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. कामपूर्तीचा दाखला फाईलला असला की हरकत टिकत नाही. स्थानिक निवडणुकीत १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्यही अपात्र ठरवतं, म्हणून मुलांचे जन्मदाखले आधीच तपासावे लागतात.

निकालानंतर मुदती आणखी कडक होतात. आमदारकीविरुद्ध निवडणूक याचिका ४५ दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, दोन हजार रुपये तारण भरून आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी स्वतः साक्षांकित केलेली प्रत जोडून. इथे विलंबमाफी नाही. ४६ व्या दिवशी कितीही भक्कम पुरावा आणला तरी उपयोग होत नाही. महापालिकेसाठी तर दहाच दिवस असतात. स्थानिक संस्थेत राखीव जागेवर जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं.

२०२१ मध्ये स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणाला तिहेरी चाचणी, म्हणजे आधी तीन अटी पूर्ण करण्याचं बंधन, लागली आणि निवडणुका अडकल्या. मार्च २०२२ ला नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत प्रभागातल्या इच्छुकांचं लक्ष दिल्लीतल्या तारखेकडे होतं. त्या काळात आदेश वाचून समजावून सांगणारा वकील पक्षाच्या बैठकीत पुढच्या खुर्चीत आला.

या सेवेचं फळ बहुधा तिकीट नसून सरकारी वकिलाची नेमणूक असते. सत्ता बदलली की ही यादी बदलते, असा अनुभव आहे. उत्तर प्रदेशातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका फटक्यात काढलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ते मनमानी ठरवलं होतं. आणि तिकीट मिळून आमदार झालाच तरी सनद खुंटीला टांगावी लागत नाही. आमदार-खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, म्हणून त्यांना वकिली करता येते, असं न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं.