पुढून सोनं, मागून कच्चं लाकूड: इटालियन रोकोको फर्निचरची पार्श्वभूमी

18व्या शतकातलं व्हेनिसचं एखादं कन्सोल टेबल भिंतीपासून ओढून मागून पाहिलं की माणूस चक्रावतो. पुढे शिंपले, वेली, फेसाळत्या लाटांसारखी वळणं, सगळं सोन्यात न्हालेलं. मागे मात्र रंधाही धड न फिरवलेलं पाइन किंवा पॉप्लरचं लाकूड. पॅरिसच्या कामाशी तुलना करून याला ढिसाळ ठरवणारे पुष्कळ आहेत. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

पॅरिसमध्ये कारागिरांच्या संघाचे नियम कडक होते. शतकाच्या मध्यापासून तर फर्निचरवर कारागिराच्या नावाचा शिक्काही सक्तीचा झाला. इटली तेव्हा एक देशच नव्हता. तूरिनला सव्हॉय घराण्याचा दरबार, व्हेनिस आणि जेनोआ ही प्रजासत्ताकं, रोममध्ये पोप. प्रत्येक ठिकाणची चाल निराळी. रोकोको, म्हणजे ही शिंपल्या-वेलींची वळणदार शैली, फुलली फ्रान्समध्ये, हे खरं. पण तिला धिटाई देणारा सजावटकार मेसोनिए 1695 साली तूरिनमध्ये जन्मला होता, हेही विसरू नये.

व्हेनिसमध्ये या कामाची सूत्रं मूर्तिकारांच्या हाती होती. बेल्लुनोच्या आंद्रेआ ब्रुस्तोलोनने (1662–1732) व्हेनिएर घराण्यासाठी शमशाद (बॉक्सवुड) आणि आबनूस लाकडातून माणसंच्या माणसं कोरली. त्यावर सोनं नाही, शैलीही रोकोकोच्या आधीची, बरोकच. पण खुर्ची म्हणजे शिल्प, ही समज तिथे पक्की झाली. संगमरवरी बुरख्याआडचे चेहरे घडवणाऱ्या अंतोनिओ कोर्रादिनीच्या नावावर सोनेरी खुर्च्याही सांगितल्या जातात. दोघांचं हे काम का' रेझ्झोनिको या व्हेनिसच्या संग्रहालयात आहे. असं फर्निचर महालाच्या लांबलचक दिवाणखान्यात, पोर्तेगोत, भिंतीलगत मांडलं जाई. मागची बाजू कुणाला दिसणारच नव्हती. मेहनत आणि पैसा दर्शनी भागावर ओतला जाई.

सोन्याचं काम फार चिकाटीचं. कोरलेल्या लाकडावर जनावरी सरस आणि खडू किंवा जिप्सम यांच्या मिश्रणाचे थरावर थर. त्याने नक्षी बुजते, म्हणून ती पुन्हा बारीक हत्यारांनी उकरायची. मग लाल चिकणमातीचा हात, त्यावर पाणी लावून वर्ख, आणि शेवटी अकीक दगडाने घोटायचं. उंचवटे घोटून चकचकीत करायचे, खोलगट भाग मंद ठेवायचे. मेणबत्तीच्या उजेडात नक्षी हलल्यासारखी वाटते ती यामुळे. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची सोनेरी वेदी पाहिलेल्यांना कोरीव लाकडावरचं सोनं अनोळखी नाही, जरी ती परंपरा पोर्तुगीज असली.

व्हेनिसची सत्ता तोवर ओसरत होती. 1718च्या तहात ग्रीसमधला मोरिआ प्रांतही हातचा गेला. डामडौल मात्र सोडायचा नव्हता. म्हणून चांदीच्या वर्खावर पिवळसर रोगण चढवून सोन्याचा भास आणणारी ‘मेक्का’ ही पद्धत खूप वापरली गेली. महागड्या लाखकामाऐवजी (लॅकर) बास्सानोच्या रेमोंदिनी छापखान्यातली चित्रं कापून चिकटवायची आणि वर रोगणाचे अनेक हात द्यायचे, अशीही युक्ती निघाली. आज हीच ‘गरिबांची लाख’ संग्राहक शोधत फिरतात.

हर्क्युलेनियम (1738) आणि पॉम्पेई (1748) या प्राचीन रोमन शहरांच्या उत्खननांनंतर अभिरुची सरळ रेषांकडे वळली. 1797 मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं आणि पुढे अनेक महालांतलं सामान विकलं गेलं. 19व्या शतकात परदेशी पाहुण्यांकडून मागणी वाढली, तशा व्हेनिसच्या कार्यशाळा याच शैलीत नव्याने कोरू लागल्या. पांचिएरा बेसारेलसारख्या त्या काळच्या कोरीवकारांचं काम स्वतःच्या गुणांवर उत्तम आहे. पण बाजारात ‘18व्या शतकातलं’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच वस्तू खरं तर 19व्या शतकातल्या असतात.

घेणाऱ्याने आधी झिजलेल्या जागा पाहाव्यात. खऱ्या वर्खाखाली बहुधा लाल माती डोकावते, मेक्काखाली पांढुरकी चांदी. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती मुद्दाम केलेली असण्याचा संभव मोठा. आणि तपकिरी, काळपट पडलेला तुकडा पाहून लगेच नवा वर्ख चढवायची घाई करू नये: पुष्कळदा तो नंतर कुणीतरी फासलेला ब्राँझ पावडरचा रंग असतो, आणि जाणकार हातांनी तो उतरवला की खाली मूळ सोनं शाबूत सापडू शकतं.