विनेबागो सरोवरातल्या स्टर्जनच्या शिकारीमागचा इतिहास

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारीचा दुसरा शनिवार उजाडला की सकाळी सात वाजता विनेबागो सरोवरावर स्टर्जन या माशाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. गोठलेल्या पाण्यावर हजारो खोपटी उभी असतात. प्रत्येक खोपटात बर्फ कापून केलेले मोठे भोक असते आणि त्याच्या काठाशी भाला जवळ ठेवून माणूस बसलेला असतो. दुपारी एक वाजला की त्या दिवसाची शिकार थांबते. हंगाम फार तर १६ दिवसांचा, आणि मासे भराभर मिळू लागले तर त्याआधीच आटोपता घेतला जातो. एका परवान्यावर एकच मासा मारता येतो. तो केवढा असावा? २०१० साली इथे मिळालेल्या स्टर्जनचे वजन २१२.२ पौंड, म्हणजे ९६ किलोंहून जास्त भरले आणि लांबी सात फूट निघाली.

उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी सरोवरांत आणि नद्यांत हाच मासा एकेकाळी मुबलक होता आणि आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. विनेबागो आणि त्याला जोडलेल्या नद्या-तळ्यांत मात्र प्रौढ स्टर्जनची संख्या चाळीस हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. जिथे दरवर्षी भाल्याने मारतात तिथेच तो सर्वांत सुखरूप राहिला, हे ऐकायला विचित्र वाटते. त्याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत इथे काय घडले, त्यात आहे.

आधी या माशाविषयी थोडे. सरोवरातला हा स्टर्जन फार जुन्या वंशाचा. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या ढालींच्या रांगा, सांगाडा बहुतांशी कूर्चेचा, दात नाहीत. नाकाडाखाली चार मिशा लोंबतात. त्यांनी तळाचा चिखल चाचपत तो जातो आणि सापडलेले अन्न नळीसारखे तोंड बाहेर काढून ओढून घेतो. विनेबागोच्या चिखलात वाढणाऱ्या किड्यांच्या लाल अळ्या हे त्याचे आवडते खाणे. सरोवर ५५७ चौरस किलोमीटर पसरलेले, पण खोली जेमतेम २१ फूट. एवढ्या उथळ, सुपीक पाण्यात अळ्यांना तोटा नाही, त्यामुळे मासा पोसतो उत्तम. मात्र त्याची वाढ सावकाश. मादी विशीच्या पुढे जाते तेव्हा कुठे पहिल्यांदा अंडी घालते, आणि एकदा घातली की पुन्हा तीन ते पाच वर्षे थांबते. वयाची शंभरी ओलांडलेल्या माद्याही आढळतात. या एका गोष्टीमुळे स्टर्जनचा हिशेब इतर माशांपेक्षा वेगळा होतो. एका वर्षाची हाव भरून निघायला माणसाची एक पिढी जाते.

या पाण्याशी सर्वांत जुने नाते आहे इथल्या मूळ रहिवासी मेनॉमिनी जमातीचे. विनेबागोला मिळणाऱ्या वुल्फ नदीवर केशेना इथे धबधबा आहे. वसंत ऋतूत बर्फ वितळले की स्टर्जन अंडी घालायला नदीतून वर चढत आणि त्या धबधब्यापाशी जमत. हिवाळ्याच्या साठवणीचे धान्य आणि सुके मांस संपत आलेले असे, नेमक्या त्या वेळी हा मासा दारात येई. धबधब्याच्या खळाळात एक गूढ ढोल वाजतो आणि तो स्टर्जनला बोलावतो, अशी त्यांची श्रद्धा. मासे आले की सोहळा होई, नृत्य होई. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून, वर पांघरूण घेऊन, लाकडी मासा पाण्यात नाचवत भाल्याने मासे मारण्याची रीतही इथल्या मूळ रहिवाशांचीच. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून उचलली, हे आजच्या हंगामाच्या गर्दीत अनेकदा विसरले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

१८५४ च्या वुल्फ नदीच्या तहाने मेनॉमिनींकडे त्यांच्या मूळ मुलखाचा एक तुकडा उरला. केशेनाचा धबधबा त्या तुकड्यात होता, पण मासा येण्याची वाट नव्हती. खालच्या अंगाला शॉनो इथे १८९२ मध्ये धरण झाले, पुढे १९२० च्या दशकात आणखी एक झाले, आणि स्टर्जनची वर येण्याची वाट बंद पडली. ज्यांच्या अख्ख्या वर्षाची सुरुवात या माशाने होई, त्यांच्या नदीत तो शंभर वर्षे फिरकू शकला नाही. या इतिहासातली ही सर्वांत मोठी जखम आहे असे मला वाटते.

खाली, अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांवर, तोवर वेगळाच संहार चालू होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोऱ्या मच्छीमारांना स्टर्जन नकोसा होता. व्हाइटफिशसाठी लावलेली जाळी तो फाडून टाकी. त्यामुळे सापडला की मारून काठावर फेकायचा, कुजू द्यायचा किंवा शेतात खत म्हणून गाडायचा. वाळवलेले स्टर्जन सरपणासारखे रचून जाळल्याच्या, इतकेच काय, आगबोटींच्या भट्ट्यांत घातल्याच्या नोंदी आहेत. मग १८६० च्या दशकात ईरी सरोवराकाठच्या सँडस्की गावात या माशाला धूर देऊन विकण्याचा धंदा सुरू झाला, पाठोपाठ त्याच्या गाभोळीपासून कॅव्हिअर, म्हणजे खारवलेली अंडी, बनू लागले. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला सरस दारू गाळायला उपयोगी पडे. काल जो कचरा होता त्याला सोन्याचा भाव आला. १८८५ च्या सुमारास महासरोवरांतून वर्षाला जवळजवळ ३९ लाख किलो स्टर्जन निघत होता. विसावे शतक उजाडेपर्यंत तो धंदा बसला, कारण मासाच संपला होता. अंड्यांसाठी मोठ्या माद्या मारायच्या आणि त्यांच्या जागी दुसरी मादी तयार व्हायला पंचवीस वर्षे लागणार, मग दुसरे काय होणार?

विनेबागोलाही त्याची झळ लागली, पण इथे कायदा थोडा वेळेवर जागा झाला. १९०३ मध्ये विस्कॉन्सिनने लहान स्टर्जन पकडण्यावर बंधन घातले आणि १९१५ मध्ये संपूर्ण राज्यात या माशाची शिकार बंद केली. ही बंदी सोळा वर्षे टिकली. १९३१ मध्ये विधिमंडळाने विनेबागोवर बर्फातल्या भाल्याच्या शिकारीला परवानगी दिली आणि १९३२ च्या हिवाळ्यात पहिला अधिकृत हंगाम झाला. तेव्हा एका माणसाला पाच मासे मारता येत. पुढे नियम टप्प्याटप्प्याने आवळत गेले आणि पाचाचा एक झाला.

ही शिकार चालते कशी, ते पाहिल्याशिवाय नियमांचा अर्थ लागत नाही. खोपटाला खिडकी नसते, असली तरी झाकलेली. आत मिट्ट काळोख. बाहेरचे ऊन बर्फातून झिरपून पाण्यात उतरते, त्यामुळे अंधारात बसलेल्या माणसाला खालचे पाणी थिएटरातल्या पडद्यासारखे हिरवट उजळलेले दिसते. भोकाची मर्यादा ४८ चौरस फूट. ते साखळी करवतीने कापतात आणि निघालेली बर्फाची लादी बाहेर ओढून काढतात किंवा बाजूच्या बर्फाखाली सरकवून देतात. चिखलाच्या काळ्या तळावर स्टर्जनची काळी पाठ ओळखू येत नाही, म्हणून जुने लोक खाली अंड्याची टरफले, बटाट्याच्या चकत्या, पांढऱ्या बशा टाकत. पांढऱ्यावरून काही सरकले की मासा आला. दोरीला टांगलेला रंगीत लाकडी मासा अधूनमधून हलवायचा. स्टर्जन कुतूहलाने जवळ येतो. भाल्याचे पाते दांड्यापासून सुटते आणि दोरीला बांधलेले राहते, कारण पन्नास किलोंचा मासा उसळला तर दांडा हातात टिकत नाही. आमिष, गळ, रीळ यांतले काही नाही. नुसते बघत बसायचे. अनेकांना वर्षानुवर्षे बसूनही एक मासा दिसत नाही, आणि तरी ते पुढच्या फेब्रुवारीत येतात. लाकडी मासे कोरण्याची कला या सरोवराकाठी बापाकडून लेकाकडे आलेली आहे आणि जुने नमुने लोक जपून ठेवतात.

शिकार अशी नुसत्या नजरेवर चालते, त्यामुळे किती मासे मिळणार हे बव्हंशी पाण्याच्या नितळपणावर ठरते. पाणी गढूळ असेल तर सोळा दिवसांतही मोजकेच हाती लागतात. तळ स्वच्छ दिसत असेल तर एका दिवसात शेकडो पडतात. १९९० च्या दशकात काही हिवाळ्यांत पाणी असे नितळ राहिले की जाणकारांना धडकी भरली. त्यातून आजची पद्धत आली: दरवर्षी लहान माद्या, प्रौढ माद्या आणि नर यांचे वेगवेगळे आकडे आधी ठरतात, एकूण मासे प्रौढ संख्येच्या पाच टक्क्यांच्या आत राहतील असे पाहिले जाते. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदणी केंद्रावर आणावाच लागतो. तिथे तो उचलून टांगतात, मोजतात, वजन करतात, नर की मादी, अंडी कोणत्या अवस्थेत आहेत, पोटात काय आहे हे बघतात. संध्याकाळी बेरीज होते आणि ठरलेल्यांपैकी एक जरी आकडा भरत आला तर हंगाम थांबतो. वरच्या अंगाची तीन लहान तळी माशांनी अधिक गजबजलेली, म्हणून तिथले परवाने २००७ पासून सोडत काढून देतात.

या नोंदींतून विज्ञानालाही बरेच मिळाले. स्टर्जनचे वय पूर्वी छातीच्या पराच्या काट्यातली वर्तुळे मोजून काढत. १९५०-६० च्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा माशांच्या कानातल्या खड्यांत सापडल्या, त्यावरून ताळा घेतला तेव्हा कळले की म्हाताऱ्या माशांचे वय काट्यावरून कमी भरत होते. म्हणजे मोठे मासे आपण समजत होतो त्याहून जास्त म्हातारे, आणि म्हणून ते गमावणे आणखी महाग.

पण नियम कागदावर राहिले असते, जर काठावरची माणसे त्यात उतरली नसती. १९७७ मध्ये बिल कॅस्पर यांनी भाल्याच्या शिकाऱ्यांना एकत्र करून ‘स्टर्जन फॉर टुमॉरो’ ही संस्था काढली. वर्गणी आणि जेवणावळींतून पैसा उभा केला आणि तो संशोधनाला, अंडी कृत्रिमरीत्या उबवण्याच्या प्रयोगांना दिला. विनेबागोच्या माशांची अंडी पुढे टेनेसी आणि जॉर्जियातल्या नद्यांपर्यंत गेली; तिथून नाहीसा झालेला स्टर्जन पुन्हा सोडला गेला तो या पिल्लांच्या रूपाने.

त्याहून मोलाचा मला वाटतो तो पहारा. एप्रिलच्या उत्तरार्धात वुल्फ नदीचे पाणी १२ अंशांच्या आसपास तापले की स्टर्जन अंडी घालायला काठाच्या दगडांवर येतात, आणि इतके जवळ येतात की वाकून हात लावावा. हातभर पाण्यात पाच-सहा नर एका मादीला बिलगलेले असतात, पाठी पाण्याबाहेर, शेपट्या दगडांवर आपटत. त्या क्षणी त्यांना माणसाचे भान नसते. पूर्वी याच वेळी चोरटे हुकाने ओढून त्यांना न्यायचे, बहुतेक गाभोळीसाठी. आता शेकडो स्वयंसेवक पाळ्या लावून रात्रंदिवस काठावर बसतात. फेब्रुवारीत भाला घेऊन बसणाराच एप्रिलमध्ये राखणीला येतो, यात मला कुठलीच विसंगती दिसत नाही. ज्याला त्या माशाची गरज आहे, तो त्याला सांभाळतो.

गाभोळीचा मोह मात्र संपलेला नाही. इथल्या स्टर्जनची अंडी विकायला किंवा कशाच्या बदल्यात द्यायला कायद्याने मनाई आहे. घरी खावीत, मित्राला प्रेमाने द्यावीत, इतकेच. तरीही २०२१ मध्ये अशा देवाणघेवाणीवरून खटले उभे राहिले आणि सगळा भाग हादरला.

नवा धोका आकाशातून आला आहे. बर्फ पातळ राहू लागला आहे. इथले मासेमारी क्लब बर्फावर रस्ते आखतात, दुतर्फा नाताळात वापरून झालेली झाडे खुणेसाठी रोवतात, भेगांवर पूल टाकतात. त्यांनाही २०२४ च्या हिवाळ्यात फार काही करता आले नाही. त्या हंगामात मिळालेल्या माशांनी पाचशेचाही आकडा गाठला नाही. माशाच्या दृष्टीने हे वाईट नाही. पण परवान्यांचा पैसा, नोंदी आणि लोकांची ओढ हे सगळे त्या बर्फावर उभे आहे, आणि बर्फाविना ही राखण किती वर्षे टिकेल, ही काळजी काठावर बोलून दाखवली जाते.

मेनॉमिनींकडे परत येतो. १९५४ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. १९६१ मध्ये ते अमलात आले. पण १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १८५४ च्या तहाने मिळालेला शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्याने बुडत नाही. १९७३ मध्ये मान्यताही परत मिळाली. १९९३ पासून राज्याच्या खात्याकडून त्यांना दर वसंतात काही स्टर्जन दिले जातात आणि केशेनात मेजवानी होते, ढोल वाजतात, नाच होतो. २०११ पासून काही मोठे मासे शॉनोच्या धरणाखालून पकडून वाहनाने वर नेऊन सोडण्यास सुरुवात झाली, आणि त्यातले काही धबधब्यापाशी अंडी घालताना दिसले. धरणे अजून आहेत. मासा आपल्या बळावर केशेनापर्यंत आजही पोहोचू शकत नाही.