वेळ तारेत जात नाही

ओपनमोको या मुक्त फोनप्रकल्पाचा निओ १९७३ हा लिनक्सवर चालणारा फोन २००७ मध्ये आला. त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम यू-बूट, नँड फ्लॅश या कायमच्या साठवणीतच असे. तो चुकून पुसला गेला की यूएसबीने फोनशी बोलायची सोय उरत नसे. मग एकच वाट राहायची, ती म्हणजे जेटॅग, प्रोसेसरला थेट बाहेरून चालवू देणारी जोडणी. तिच्यासाठी एफटीडीआय कंपनीची, यूएसबी आणि जेटॅग जोडणारी एफटी२२३२ चिप असलेला वेगळा डीबग बोर्ड मिळे. त्याची यूएसबी लॅपटॉपला लावायची आणि जेटॅग हाताळणारं ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर चालवायचं.

जेटॅगमध्ये डेटा एकेक बिट करून सरकतो. एक तार आत, एक बाहेर, एक घड्याळाची, एक दिशा सांगणारी. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट सरकतो. या चिपवर घड्याळ ६ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ६० लाख ठोक्यांपर्यंत जातं. यू-बूट २५६ केबीचं धरलं तर त्याचे जेमतेम २१ लाख बिट होतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाचंही काम नाही. तरी प्रत्यक्षात मिनिटं का जातात?

कारण नेहमीच्या पद्धतीत ओपनओसीडी शब्द लिहितं, 'झालं का?' विचारतं, उत्तर आलं की पुढचा शब्द पाठवतं. वाण्याला यादी न देता एकेक जिन्नस आणायला दुकानात खेपा घालाव्यात, तसं हे आहे. यूएसबीवर अशी एक खेप साधारण १ मिलिसेकंदाची. २५६ केबीत ३२ बिटांचे ६५,५३६ शब्द असतात, म्हणजे शब्दागणिक एक खेप धरली तरी मिनिटाच्या वर वेळ नुसत्या वाट पाहण्यात जातो. त्यात एफटीडीआयची ही चिप थोडकं उत्तर लगेच पाठवत नाही, बफर भरायची वाट पाहते. ही वाट मुळात १६ मिलिसेकंदांची, आणि त्या हिशेबाने सतरा मिनिटं होतात! म्हणून हा टायमर कमी करावा, नाहीतर 'आत्ताच पाठव' ही चिपची आज्ञा वापरावी. घड्याळ वाढवण्याआधी करायचं काम हे.

खरी मजा डीसीसी डाउनलोडमध्ये आहे. डीसीसी म्हणजे प्रोसेसर आणि डीबगर यांच्यातला निरोपांचा मार्ग. फोनच्या रॅममध्ये एक इवलासा प्रोग्रॅम ठेवायचा. तो डीबग रजिस्टरमधून, म्हणजे या मार्गावरच्या एका छोट्या खणातून, शब्द उचलतो आणि मेमरीत टाकतो. लॅपटॉप फक्त शब्द ओतत राहतो, मध्ये काही विचारत नाही. ओपनओसीडीत हे दोन आज्ञांनी चालू होतं: 'एआरएम७_९ डीसीसी_डाउनलोड्स एनेबल' आणि 'एआरएम७_९ फास्ट_मेमरी_ॲक्सेस एनेबल'. मला हा उपाय फार देखणा वाटतो, कारण एकही तार न बदलता वेग कित्येक पटींनी वाढतो.

यात धोका आहेच. न विचारता ओतायचं म्हणजे प्रोसेसर मागे पडत नाही यावर भिस्त ठेवायची. रीसेटनंतर तो सावकाश चालत असतो. जेटॅगचं घड्याळ प्रोसेसरच्या एक षष्ठांशाखाली ठेवावं, असा फोनमधल्या एआरएम प्रोसेसरच्या या पिढीतला रिवाज आहे. प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झवर असेल तर जेटॅगचं घड्याळ २ मेगाहर्ट्झच्या वर जाऊ नये. म्हणून रॅम आणि प्रोसेसरचं वेगवान घड्याळ सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम आधी हळू चढवावा, मग वेग वाढवून यू-बूट पाठवावं. सगळं पोचल्यावर ते बरोबर पोचलं का हे तपासणारी 'व्हेरिफाय_इमेज' ही आज्ञा चालवावी. त्यासाठी २५६ केबी परत वाचावे लागत नाहीत. चेकसम, म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेला ताळ्याचा आकडा, फोनच काढतो आणि लॅपटॉपकडे फक्त एक आकडा येतो.