पार्श्वभूमी: ईमेलमधला लोगो अजून पीएनजीच का?

एसव्हीजी (रेषा-आकारांच्या सूचना लिहून बनलेलं चित्र) लोगोचं पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) करायचं, त्याला बेस६४ (फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) चढवायचं आणि मग ते मेलमध्ये घालायचं, ही वाट सक्तीने पडलेली आहे. ईमेलची वाहतूक मुळात सात बिटांच्या अक्षरांपुरती आखलेली. १९९२ च्या माइम (मेलमध्ये चित्रं आणि जोडपत्रं घालायचे नियम) मानकाने चित्रांसाठी बेस६४ रुळवलं: तीन बाइटची चार अक्षरं, म्हणजे आकार सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो. एसव्हीजी मानक व्हायला २००१ उजाडलं.

बहुतेक गोंधळ 'इनलाइन' या एका शब्दाने घातला आहे. एचटीएमएलमध्ये थेट लिहिलेला एसव्हीजी टॅग इनलाइन. चित्राच्या पत्त्याच्या जागी अख्खी बेस६४ माळ ओतली, म्हणजे डेटा यूआरआय दिला, तर तेही इनलाइन. आणि मेलसोबत वेगळा भाग म्हणून जाणारं, मजकुरात सीआयडीने (त्या भागाला दिलेल्या ओळखखुणेने) बोलावलेलं चित्र, तेही इनलाइनच! शेवटच्या दोन्हींचे नियम ऑगस्ट १९९८ मध्येच आले, पण वेगवेगळ्या दस्तऐवजांत. बेस६४ दोन्हीकडे असतं. म्हणून 'जीमेलमध्ये बेस६४ चालत नाही' हे वाक्य चुकीचं आहे. जीमेल डेटा यूआरआयचं चित्र दाखवत नाही, सीआयडीचं दाखवतं. हा फरक न सांगणाऱ्या मार्गदर्शिकांनी नवख्यांचे दिवसच्या दिवस वाया घालवले आहेत.

आउटलुक २००७ ने मेल दाखवायचं काम ब्राउझरच्या इंजिनाकडून काढून वर्डच्या इंजिनाकडे दिलं. लिहिणं आणि वाचणं एकाच साच्यात व्हावं, हा त्यामागचा युक्तिवाद. माझ्या मते त्याची किंमत मेल बनवणाऱ्यांनी जरुरीपेक्षा फार जास्त मोजली. डेटा यूआरआय तिथे दिसतच नाही.

अगदी अलीकडे दार आणखी घट्ट झालं. एसव्हीजी ही एक्सएमएल फाइल असल्याने तिच्यात स्क्रिप्ट (आपोआप चालणारा कोड) बसते, आणि फिशिंगवाल्यांनी, म्हणजे खोट्या मेलने माहिती चोरणाऱ्यांनी, ते हेरलं. सप्टेंबर २०२५ पासून वेबवरच्या आणि विंडोजच्या नव्या आउटलुकने इनलाइन एसव्हीजी दाखवणं थांबवायला सुरुवात केली. तिथे रिकामी जागा दिसते. जोडपत्र म्हणून आलेली एसव्हीजी मात्र उघडता येते.

त्यामुळे आज दुप्पट रुंदीचं पीएनजी, टॅगमध्ये त्याच्या निम्मी रुंदी (दाट ठिपक्यांच्या पडद्यावरही लोगो स्पष्ट दिसावा म्हणून) आणि सीआयडी हीच जोडणी टिकाऊ ठरते. जीमेल साधारण १०२ केबीनंतर एचटीएमएल कापतं, पण सीआयडीचं चित्र त्या एचटीएमएलबाहेर असतं. देवनागरी लोगोला पीएनजीचा आणखी एक फायदा मिळतो: अक्षरं चित्रातच उमटलेली असल्याने समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तरी ती बदलत नाहीत.